शुक्राची कोर

दुर्बिणीतून काढलेला फोटो कुणाला पाठवताना खाली दोन शब्द लिहावेत, बरं का. मी लिहिले नव्हते.

पनवेलला आमच्या परसातून संध्याकाळी शुक्र छान दिसत होता. चंद्राप्रमाणे शुक्रालाही कला असतात. नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच वाटतो, पण दुर्बिणीला मोबाईल लावला आणि फोटोत बारीक, लखलखीत कोर आली. मी आनंदाने तो फोटो शेजारच्या मेहरुन्निसा खालांना पाठवला.

थोड्याच वेळात कुंपणापलीकडून त्यांचा आवाज आला, "मुबारक हो, बेटा. आम्हाला या धुरकट हवेत दिसलाच नाही, तू बरोबर पकडलास."

त्या संध्याकाळी रमजानचा चांद बघायचा होता, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

"खाला, तो चांद नाही. शुक्र आहे."

"मस्करी नको करू. मी सगळ्या खानदानाला पाठवला. कळंबोलीची बहीण पहाटेच्या सहरीच्या जेवणाच्या तयारीला पण लागली."

माझ्यामुळे अख्खं खानदान एक दिवस आधीच रोजा धरणार होतं. मी त्यांना परसात बोलावलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. त्यांनी आत पाहिलं, मान वर करून आकाशातला ठिपका पाहिला, मग पुन्हा आत पाहिलं. शेवटी बहिणीला फोन लावला.

"चांद नाही दिसला. रोजा उद्या नाही."

मी माफी मागणार, तेवढ्यात त्या फोनवर पुढे म्हणाल्या, "पण तू रिक्षा करून लवकर ये. इथे शेजारी एक जादाचा चांद निघालाय."