कप्पे मोडायचे नाहीत

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर साठीतलं एक जोडपं एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं.

“अहो, जावईबापूंनी सुचवलेलंच सॉफ्टवेअर घ्या. तुमची गाणी गायकाप्रमाणे, वर्षाप्रमाणे आपोआप लावली जातात त्यात.”

“तेच तर नकोय. माझे कप्पे मोडतील.”

“कसले कप्पे?”

“हे बघ. ‘इस्त्री करताना’. ‘सासूबाई आल्यावर’.”

“माझ्या आईसाठी वेगळी गाणी?”

“त्यांच्यासाठी नाही गं. त्या आल्यावर मला लागतात ती.”

“शोभतं का या वयात? आणि एकच गाणं सहा-सहा ठिकाणी. ते सॉफ्टवेअर जास्तीची काढून टाकतं म्हणे.”

“जास्तीची कुठेत? इस्त्रीचं वेगळं, सासूबाईंचं वेगळं.”

“अहो, गाणं तेच आहे ना?”

“गाणं तेच आहे. मी तोच नसतो.”

“बरं बाबा. आणि हे खाली काय? ‘ही रुसल्यावर’. चारशे बारा गाणी?”

“लग्नालाही छत्तीस वर्षं झाली.”

“मला तर यातलं एकही कधी ऐकू आलं नाही.”

“तू दार लावून आत बसतेस. मी बाहेर लावतो, अगदी हळू. आणखी चिडायचीस, म्हणून.”

तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला.

“चला, उठा. जावईबापूंना सांगा, कप्पे राहतील असं काहीतरी बघा म्हणावं.”

“बरं, सांगतो.”

“आणि यापुढे आवाज जरा मोठा ठेवत जा.”