वांगणीच्या गरम नळ्या

अगं, तुला आमच्या साहेबांच्या नळ्यांचं सांगितलं का? आम्ही वांगणीच्या फार्महाउसवर राखणीला आहोत ना, तर साहेब परदेशातून आले आणि हॉलमध्ये भिंतीच्या कडेकडेने गरम पाण्याच्या नळ्या बसवून घेतल्या. घर गरम राहतं म्हणे. वांगणीत!

पावसाळी हवा, माझ्या बाळाचं एक दुपटं वाळेल तर शपथ. ओल्यात त्याची छाती भरली तर, या धास्तीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्लंबर नळ्या नीट तापतात का बघायला त्या चालू ठेवून जेवायला गेला. साहेब अंगणात फोनवर, त्यांच्या आई हॉलमध्ये सोफ्यावर डोळे मिटून. मी पटकन सगळी दुपटी नळ्यांवर पसरली आणि बाळाला खांद्यावर टाकून साहेबांवर नजर ठेवत आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिले.

तरी साहेब आलेच. "हे काय? कपडे वाळवायला बसवलंय का हे?"

मनात म्हटलं, गेली नोकरी.

तेवढ्यात सोफ्यावरच्या साहेबांच्या आईंनी डोळे उघडले. त्या म्हणाल्या, "ओरडू नकोस रे, बाळ उठेल. आणि या सोफ्यामागच्या नळीवर माझा परकर वाळत घातलाय, तेवढा उलटा कर."