स्मरणिकेतलं एकच वाचता येणारं पान

आमच्या कॉलनीची स्मरणिका कशी निघाली ते ऐक. मी महाल भागात डीटीपी करतो, म्हणून ती माझ्याच गळ्यात पडली. सॉफ्टवेअरमध्ये मी मथळ्यांना जाड, ठसठशीत फॉन्ट लावला होता आणि मजकुराला साधा, वाचायला सोपा. प्रूफ पाहून अध्यक्षांचं तोंड उतरलं.

"काहून गा, मथळा जाड आन् माझं मनोगत बारीक?"

"साहेब, मजकूर असाच राहते."

"मजकूर दुसऱ्यायचा. हे अध्यक्षाचं मनोगत आहे."

टाकलं मथळ्याच्या फॉन्टमध्ये. ते पाहून सचिव आले, मग खजिनदार, मग सचिवांच्या मिसेस. त्यांची कविता होती. शेवटी अख्खी स्मरणिका जाड झाली. कुठलंही पान उघडा, कोणीतरी अंगावर ओरडतंय असं वाटायचं.

फक्त दिवंगत सभासदांचं पान साध्या फॉन्टमध्ये राहिलं. त्यांच्यापैकी कोणी तक्रार घेऊन आलं नव्हतं.

शेवटचं प्रूफ दाखवायला गेलो. अध्यक्ष डोळे चोळत पानं उलटत होते. त्या पानावर आले आणि एकदम खुलले. वर श्रद्धांजली असं लिहिलं होतं, पण स्वतःचं नाव सोडून दुसरं काही वाचायची त्यांना सवय नाही.

"हे पान कसं मस्त दिसून राहिलं. असंच पायजे होतं मले. माझं नाव इथंच घे, सगळ्यात वर."

मी काही बोलायच्या आत बाजूला बसलेले सचिव म्हणाले, "मंग मले काहून मागं ठेवता? माझं बी घे."