वर टांगलेलं लोखंड

मनवीर : अगं, कुकरी वाकवून काय बघतेस? ती काय वेताची छडी आहे?

फुंगमाया : वाकली, काका.

मनवीर : थोडी वाकणारच.

फुंगमाया : वाकली आणि तशीच राहिली. ही सळईची आहे. घर बांधताना उरलेली सळई ठोकून केलीयत तुम्ही.

मनवीर : घ्या. नवरा गाडी चालवायचा आणि लोखंड बायकोला कळतं.

सेती : अहो, जिभेला काही हाड? कोणापुढे काय बोलावं...

फुंगमाया : असू दे, काकी. तो गेल्यापासून त्याच्याबद्दल एवढंही बरं कोणी बोललेलं नाही.

सेती : चहा टाकते. म्हणजे, आमच्याकडचा चालत असेल तर.

फुंगमाया : चालतो. माझ्याकडचा तरी कोण पितं आता?

मनवीर : बघ सेती, आपण लोहार आणि ही वरच्या जातीच्या लिंबूंची सून. एका पंगतीला बसलो म्हणायचं.

फुंगमाया : गाव मला तुमच्याहून खालच्या पायरीवर बसवतं, काका. ज्यानं पिऊन बस दरीत घातली, त्या ड्रायव्हरची बायको.

मनवीर : ते राहू दे. जुनी कुकरी कुठं गेली तुझी?

फुंगमाया : बाजारातली होती. चकचकीत, पितळी बोंडाची. बांबूवर घातली तर धारेचा टवका उडाला. मग मूठ निघाली. ती मी चिंधीनं बांधली, तर चिंधीसकट निघाली.

मनवीर : ती पाहुण्यांनी नेऊन भिंतीला लावायची असते. बांबूला कशाला दाखवलीस?

फुंगमाया : मला रोजची हवी. सकाळी चारा, मग वेलचीच्या मळ्यातलं रान, संध्याकाळी सरपण. दिसायला कशीही असू दे. हातात बसली पाहिजे आणि टिकली पाहिजे. महागाची झेपणार नाही. मळणी झाली की धान्य घालीन.

मनवीर : धान्याचं कोणी विचारलं? ही बघ. हिला वजन आहे.

फुंगमाया : वजन आहे. ऐरणीवर वाजवू जरा?

मनवीर : वाजव. जावई निवडतेयस जणू.

फुंगमाया : बद्द वाजतेय. आत चीर आहे का?

मनवीर : चीर नाही गं. मऊ आहे. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, सगळा माल सळईचाच आहे सध्या. आठवड्याला धार लावत बसशील. पाटाच मिळत नाही कुठं.

फुंगमाया : गाडीचा पाटा?

मनवीर : हो, चाकावर कमानीसारखा बसतो तो. त्याच्यासारखं पोलाद नाही. जन्मभर धक्के खाल्लेलं असतं. त्याची कुकरी बांबू कापते, हाड कापते, आणि तू म्हातारी झालीस तरी तुझ्या सुनेच्या हातात जाते.

फुंगमाया : मग वर गोणपाटात काय टांगलंय?

सेती : ते नाही.

फुंगमाया : टोक दिसतंय, काकी. पाट्यांची जुडीच आहे.

सेती : म्हटलं ना, ते नाही. ते विकायचं नाही. तुमचं काय चाललंय हो? त्या सळईच्यातलीच जरा बरी काढून द्या आणि जाऊ द्या पोरीला.

मनवीर : तूच सांग तिला.

सेती : मी कशाला? आणलंत तुम्ही.

मनवीर : आणलं नाही. भंगारवाल्यानं बाकीच्या मालात टाकलं. घरी येऊन सोडलं तेव्हा कळलं.

फुंगमाया : त्या गाडीचं आहे.

मनवीर : हो.

फुंगमाया : वाटलंच. काकी माझ्याकडे बघायच्याच थांबल्या.

सेती : काय बघू? दोन वर्षं ते डोक्यावर घेऊन राहतेय. टाकवत नाही आणि तापवतही नाही. धुरात ठेवलं की गंजत नाही, एवढंच. वारं सुटलं की ते हलतं, पाट्यावर पाटा घासतो. आत माणसं कण्हतायत असं वाटतं मला.

मनवीर : लोखंड आहे. वाऱ्यानं घासणारच.

सेती : मग तुम्ही का उठून बसता?

मनवीर : बसतो खरा.

फुंगमाया : मला हॉर्न ऐकू येतो. त्या वळणावर. चाऱ्याला तिथूनच जावं लागतं. रस्ता रिकामा असतो, आणि मागून तो वाजवतो. दोनदा छोटा, एकदा लांब. मला बघितलं की तसाच वाजवायचा.

सेती : भगताला विचारलंस?

फुंगमाया : विचारलं. तमोर नदीच्या पाण्यानं नेलं त्याला, पुरायला काही हाती लागलं नाही. भगत म्हणाला, असं मेलेल्याचा जीव वाटेवरच राहतो. त्याला घरात बोलवायचं नाही, पितरांत बसवायचं नाही. त्या बाजूला जाताना अंगावर लोखंड ठेव म्हणाला. म्हणून तर घाई आहे कुकरीची.

सेती : आणि त्याच गाडीचं लोखंड कमरेला लावणार तू?

फुंगमाया : दुसऱ्या कुठल्या लोखंडाला तो भिईल का, मला माहीत नाही. ह्याला निदान ओळखेल. काढा खाली, काका.

सेती : अहो, नका.

(मनवीर जुडी खाली उतरवतो आणि गोणपाट सोडतो.)

मनवीर : हे बघ, धाकटे पाटे धड आहेत. हा मधला घेऊ. ह्यातून तुझी कुकरी निघेल आणि बरोबरची छोटी सुरीही. हा थोरला मात्र मोडलाय. दरीत आपटला तेव्हा गेला असणार.

फुंगमाया : ह्याला तार का गुंडाळलीय?

मनवीर : कुठं? थांब. सेती, मूठभर राख दे. आणि दारातून सरक, उजेड अडतोय.

सेती : काय झालं?

मनवीर : ही मोड बघा, तुटलं ती जागा. इथं कडेला रवाळ आहे, साखरेसारखी. लोखंड एकदम तुटलं की असं दिसतं. हे त्या दिवशी तुटलं. पण केवढंसं आहे? बोटभर. बाकीची मोड काळी आणि गुळगुळीत आहे, आत माती आणि ग्रीस बसलंय. राखेनं घासलं तरी निघत नाही.

फुंगमाया : म्हणजे काय, काका?

मनवीर : म्हणजे पाटा आधीच चिरला होता. किती तरी महिने. वरून तार आवळून चालवत होते. एवढी माणसं, टपावरची पोती, सगळं ह्या बोटभर लोखंडावर. ते गेलं की चाकांचा आस सरकतो, चाक तिरकं होतं. मग स्टिअरिंग कितीही फिरव, गाडी ऐकत नाही.

फुंगमाया : प्यायला नसला तरी?

मनवीर : शुद्धीत असलेला कोणीही असता तरी.

सेती : पोरी, खाली बस. चहा घे आधी.

फुंगमाया : गाडीवर जायच्या दिवशी तो थेंब घ्यायचा नाही, काकी. मला माहीत होतं. पण सगळे म्हणायचे, प्यायला होता. ऐकून ऐकून मला तसं आठवायलाच लागलं. त्या सकाळी त्याच्या तोंडाला वास येत होता, असं खरोखर आठवायला लागलं. त्या वळणावरून जाताना रोज शिव्या दिल्यात मी त्याला. तो हॉर्न वाजवायचा आणि मी शिव्या द्यायची.

सेती : गप, गप. तुला काय ठाऊक होतं?

फुंगमाया : हातावर ओरखडे होते त्याच्या. तारेचेच असणार. मी तेल लावलं. म्हणाला, मालक एवढी फेरी झाली की नवा पाटा टाकतोय. माझं लक्ष चुलीकडे होतं. आत्ता आठवलं बघा.

मनवीर : म्हणजे तुझ्या नवऱ्याला, सिरीहांगला माहीत होतं.

सेती : तुम्ही गप्प बसाल का जरा?

फुंगमाया : नाही, काका बरोबर बोलतायत. माहीत होतं, आणि तरी माणसं भरून नेली त्यानं. नाही म्हणाला असता तर मालकानं दुसरा बसवला असता, आणि हा घरी बसला असता. बसायला हवं होतं. त्याबद्दल मी भांडेन त्याच्याशी. पण प्यायला नव्हता. एवढं मला मिळालं.

मनवीर : मालकानं नवी गाडी घेतलीय ना?

फुंगमाया : हो. नवीन ड्रायव्हर चांगला आहे, थांबून मला विचारतो, बसताय का ताई. मी चालत जाते.

मनवीर : आता ह्या थोरल्याचं सांग. तापवला की मोड जाणार. मग कोणाला काही दाखवता यायचं नाही.

फुंगमाया : तो तापवू नका. कुकरी मधल्याची करा. ह्याचं मोडलेलं टोक तेवढं मला तोडून द्या.

मनवीर : पोलिसात जाणार?

फुंगमाया : तिथं कोण बघतंय आता? मी ते आस्मतीला दाखवणार.

सेती : त्या म्हातारीला? तिचा मुलगा ना तो...

फुंगमाया : पुढच्या सीटवर होता. ती रोज सकाळी येते आणि माझ्या अंगणाच्या कडेला उभी राहते. एक शिवी नाही, डोळ्यांत पाणी नाही. नुसती बघते.

सेती : रोज?

फुंगमाया : पावसातसुद्धा. एकदा मी छत्री नेऊन दिली, तर घेतली नाही. भिजत उभी राहिली. तेव्हापासून ती आली की मी दार लावून घेते आणि फटीतून बघत बसते, कधी जाते ते.

मनवीर : मग देतोच तोडून. लांबून तापवतो, मोडीवर ओलं फडकं ठेवतो, म्हणजे तिला धग लागायची नाही. सेती, भाता धरतेस? की शेजारच्याला हाक मारू?

सेती : शेजारच्याला कशाला? मी धरते. आणि कुकरीला पाणीही मीच देणार. किटलीतून पात्याच्या धारेवर बारीक पाणी सोडायचं, ते काम ह्यांच्या थरथरत्या हाताचं नाही. पोरीची कुकरी वाया जायची.

मनवीर : दोन वर्षं म्हणत होतीस, ह्या लोखंडाला शिवणार नाही.

सेती : ते काय म्हणत होतं ते कळत नव्हतं तेव्हा. आता कळलं. चला, कोळसा ओढा.

मनवीर : सरक गं फुंगमाया, ठिणगी उडेल... अजून एक घण... हं. सुटलं. हे घे टोक. पाण्यात विझवलंय, थंड आहे, पण कड सांभाळ. सकाळी म्हातारी आली की बोलत बसू नकोस, हातातच दे. म्हातारं माणूस असलं तरी तिला कळेल. रवाळ कुठवर आणि काळं कुठवर, एवढंच बोटानं दाखव.

सेती : आणि तारेचंही सांग. त्याला माहीत होतं तेही. अर्धं सांगितलंस तर ते तुलाच खात बसेल.

फुंगमाया : सगळं सांगेन.

सेती : झालं मग. सुटलीस बाई त्या नजरेतून.

फुंगमाया : हो.

मनवीर : मग तोंड का असं? ती आता येणार नाही दारात.

फुंगमाया : तेच. माझ्याकडे तेवढी एकच येते, काका.