दोन उन्हाळ्यांचं लाकूड

योंतेक : ...तर धूर धुराड्यातून बाहेर आला आणि तिथंच गोठला. उभाच्या उभा, खांबासारखा. मग काय, चढलो छपरावर, करवतीनं त्याचे हातहातभर तुकडे केले आणि घसरगाडीवर घालून खाली आणले. एक तुकडा तुमच्या सरपंचाच्या बापाला दिला. इस्टरपर्यंत त्याच्या अंगणात पडून होता.

ओतिलिया : आजोबा, मी विचारलं होतं, धुराडं शेवटचं कधी झाडलं?

योंतेक : तेच तर सांगतोय. धूरच कापून नेल्यावर काजळी धरणार कुठून?

ब्रोन्का : सप्टेंबरात झाडलंय, पोरी. लिही तू. याच्या नादी लागलीस तर वही भरेल आणि कामाचं एक अक्षर सापडायचं नाही. पंचावन्न वर्षं ऐकतेय मी हा गोठलेला धूर. लग्नात दोन हात लांब होता, आता खांब झाला.

ओतिलिया : लिहिलं. आता हा कचेरीचा कागद. वाचून दाखवावाच लागतो, माझा इलाज नाही. "घर क्रमांक एकेचाळीस. धुराबद्दल तिसरी तक्रार. दोनदा ताकीद दिलेली आहे. आजच्या तपासणीतही धूर मर्यादेबाहेर आढळल्यास चुलीच्या दाराला सील लावण्यात येईल, आणि बर्फ वितळल्यावर सदर चूल पाडून..."

योंतेक : सदर! ब्रोन्के, ऐकलंस? सदर चूल! अगं पोरी, या हातांनी दोनशे चौदा चुली बांधल्या या खोऱ्यात. दोनशे तेरा तुम्ही कचेरीवाल्यांनी पाडल्या आणि तिथं भिंतीला गॅसचे डबे टांगले. ही शेवटची. हिच्या हिरव्या फरशा मी पाठीवरून आणल्यात. हिला हातोडा लावायचा तर आधी मला हिच्या अंगच्या या बाकावरून उचला. आणि मी उठणार नाही.

ब्रोन्का : उठताच येत नाही त्याला. पण खरं आहे, तो उठणार नाही.

ओतिलिया : जुनी आहे म्हणून कुणी पाडत नाही, आजोबा. धूर करते म्हणून पाडतात. स्वच्छ जळत असेल तर राहू दे, असं नियमातच आहे.

योंतेक : मग प्रश्न मिटला. माझी चूल धूर करत नाही.

ओतिलिया : मंगळवारी मी खाली पुलावर उभी होते. तिथून तुमचं घर दिसेना.

योंतेक : धुकं होतं.

ओतिलिया : एकाच घरावर?

योंतेक : डोंगरातलं धुकं आहे ते. ज्याचं घर आवडतं त्याच्यावर बसतं.

ब्रोन्का : देवा!

योंतेक : आणि तक्रार कुणाची? त्या खालच्या हॉटेलवाल्याची ना? दिवसभर पाहुण्यांना बर्फावरून घसरवतो आणि संध्याकाळी त्यांना गरम पाण्यात उकळत ठेवतो. तो मला ऊब शिकवणार? अगं, या चुलीची ऊब अशी, की धूर गोठला त्या साली कोंबडी थंडीनं आत आली, या बाकावर बसली, आणि अंडं उकडूनच निघालं. मीठ लावून खाल्लं मी.

ओतिलिया : सरपण बघू.

योंतेक : कशाला? लाकूड ते लाकूड.

ओतिलिया : दोनशे चौदा चुली बांधणारा माणूस असं बोलतो?

ब्रोन्का : या दोन फोडी घे. चुलीशेजारच्या टोपलीतल्या.

योंतेक : हां, माझं लाकूड! दोन फोडी एकमेकींवर आपट, देवळातल्या घंटेसारख्या वाजतात. एकदा पाद्रीबुवा धावत आले होते, म्हणाले, कोण गेलं?

ओतिलिया : आपटते. ऐका... ऐकलंत?

ब्रोन्का : ओली चप्पल चिखलात पडली.

ओतिलिया : आता यंत्राच्या सुया टोचते. चौतीस टक्के ओल. नियम विसाच्या आत सांगतो.

योंतेक : यंत्र बिघडलंय.

ओतिलिया : बरं. तुमच्या टेबलाच्या पायाला टोचते. नऊ.

योंतेक : टेबल म्हातारं आहे. म्हातारं माणूस कोरडंच असतं.

ब्रोन्का : योंतेक, तू सांगतोस की मी सांगू?

योंतेक : काय सांगायचंय? कोरडं सरपण अस्वलानं नेलं. मागच्या हिवाळ्यात आलं, दोन पायांवर, एकेक फोड काखेत मारून...

ब्रोन्का : दोन वर्षांमागं हा शेजारणीच्या धुराड्यावरून पडला. खुबा मोडला. तेव्हापासून कुऱ्हाड उचललेली नाही. जुना साठा गेल्या हिवाळ्यात संपला. हे जे आहे ते माझ्या भाच्यानं या एप्रिलात पाडून फोडलं. एक उन्हाळा मिळाला त्याला, तोही पावसात गेला. अस्वल म्हणे!

योंतेक : ब्रोन्के, घरची गोष्ट तू...

ब्रोन्का : घरची? खोऱ्याला दिसतेय ती, आपल्या छपरावरून! लाकडाला दोन उन्हाळे द्या, दोन उन्हाळे द्या, असं लोकांच्या उंबऱ्यावर उभं राहून कोण ओरडायचं? मी म्हटलं, वाळलेलं विकत आणू. तर म्हणे, चूल बांधणारा योंतेक दुकानातून लाकूड आणणार? जाळीच्या पिशवीत, कांद्यासारखं?

योंतेक : कांद्यासारखंच देतात!

ओतिलिया : आजोबा, तुमच्या खुब्याचं मला वाईट वाटतं. पण ओल्या लाकडाचा धूर या खोऱ्यातून बाहेर पडत नाही, झाकण घातल्यासारखा बसून राहतो. आणि तो ज्या पोरांच्या छातीत जातो त्यांना तुमचा खुबा माहीत नसतो.

योंतेक : पुस्तकातलं बोलतेस.

ओतिलिया : पुस्तकातलं नाही. माझ्या आजीकडे तुमचीच चूल होती. खाली गिरणीजवळचं घर. राखेच्या दाराआड ओल्या मातीत तुमचा अंगठा उमटवलाय.

योंतेक : तिथं सगळ्यांच्यात उमटवलाय. गिरणीजवळ... निळ्या फरशा? पाखरं काढलेल्या?

ओतिलिया : त्याच. तुमची चूल चांगली होती. पण मामा तिच्यात मिळेल ते घालायचा. ओलं लाकूड, दुधाच्या पिशव्या, जुने बूट. माझा भाऊ तिच्या वरच्या बाकावर झोपायचा आणि पहाटेपर्यंत खोकायचा. चार वर्षांचा होता. म्हणून मी ही नोकरी धरली. आता सील काढते पिशवीतून.

योंतेक : बूट! माझ्या चुलीत बूट! मला सांगितलं असतंस तर त्याच्याच... थांब. ते सील ठेव तिकडं. तुला परत जायची गाडी किती वाजता?

ओतिलिया : अकराला.

योंतेक : आत्ता नऊ. पेटवतो तुझ्यासमोर. तू बाहेर उभी राहा, ते धूर मोजायचं उडतं यंत्र लाव माझ्या धुराड्याच्या नाकाला. धूर निघाला तर पहिली फरशी मी फोडीन, या हातानं. तू नव्हे, तुझा सरपंच नव्हे. मी.

ओतिलिया : पेटवणार कशानं? टेबलानं?

योंतेक : ब्रोन्के, माळ्याची शिडी लाव.

ब्रोन्का : कशाला?

योंतेक : फळ्या काढ.

ब्रोन्का : कुठल्या फळ्या?... योंतेक. नाही.

योंतेक : माझ्या आहेत. माझ्या मी जाळीन.

ओतिलिया : पेटीच्या फळ्या, आजोबा? तुमच्या शवपेटीच्या?

ब्रोन्का : बघ, पोरीलाही कळलं.

ओतिलिया : आमच्याही माळ्यावर होत्या. आजोबांनी जिवंतपणीच वाळत टाकलेल्या फळ्यांमागे आम्ही लपाछपी खेळायचो. पण... असं कुणी करत नाही.

योंतेक : म्हणूनच करायचं. बावीस वर्षं वाळतायत. खुबा मोडेपर्यंत दर वर्षी, सगळ्या मृतांच्या दिवशी, हात फिरवून यायचो त्यांच्यावरून. साऱ्या खोऱ्यात याहून कोरडं लाकूड नाही, आणि मी काय करतोय त्यांचं? मरायची वाट बघत त्यांच्याखाली कुडकुडतोय!

ओतिलिया : रंग? वॉर्निश? तसलं जाळता येणार नाही.

योंतेक : मेलेल्याला वॉर्निश कशाला? कोण बघायला येतंय आत? जा, चढ तूच. डावीकडच्या सहा माझ्या. उजवीकडच्या हिच्या, त्यांना हात लावू नकोस. ओळखायला सोप्या आहेत, हिच्या जास्त रुंद आहेत.

ब्रोन्का : तोंड आवर, नाहीतर तुझ्यासाठी फळ्या आत्ताच लागतील.

(ओतिलिया सहा फळ्या उतरवते. योंतेक बाकावर बसल्या जागी, गुडघ्यांत धरून, हातकुऱ्हाडीनं त्यातल्या दोन उभ्या चिरतो. सुया टोचल्या की आकडा येतो : आठ.)

ओतिलिया : हे काय करताय? जाड फोडी खाली आणि बारीक ढलप्या सगळ्यांच्या वर?

योंतेक : मग?

ओतिलिया : काही नाही. घरोघर फिरून मी हेच सांगते आणि लोक मला हाकलतात. म्हणतात, आग वर जाते, खालूनच पेटवायची, एवढंही कळत नाही का?

योंतेक : मेणबत्ती कोण खालून पेटवतं? त्यांना विचार. खालून पेटवलं की सगळं लाकूड एकदम वाफाळतं, आणि ती वाफ जाळायला वर आग नसते. मग निघतो धूर. वरून पेटवलं की खालून येणारा धूर ज्वाळेतूनच जातो, आणि ज्वाळ त्याला खाऊन टाकते. धूर म्हणजे तरी काय? न जळलेलं लाकूडच ते. आकाशाला फुकट वाढलेलं.

ब्रोन्का : ही एक खरी गोष्ट सांगितलीस आज.

योंतेक : दार उघडं ठेव खालचं. पूर्ण. हवेची कंजुषी करायची नाही. काडी दे... पोरी, जा बाहेर!

ओतिलिया : निघाले. खिडकी जरा उघडी ठेवा, आजी, म्हणजे ऐकू येईल.

ब्रोन्का : ठेवली. पेटलं बघ. काय दिसतंय?

ओतिलिया : पांढरं! थोडंसं!

योंतेक : पांढरं चालतं! पांढरा निघाला की नवा पोप मिळतो! थांब जरा!

ब्रोन्का : योंतेक, टोपी कानांवर का ओढलीस?

योंतेक : थंडीनं.

ब्रोन्का : चुलीसमोर?

योंतेक : विचार तिला. विचार, आता काय आहे.

ब्रोन्का : पोरी! आता?

ओतिलिया : अजून पांढरंच!

योंतेक : दार जरा ढकल. एवढंच. आता ऐक, कशी घुमतेय. ऐकू येतंय, ब्रोन्के?

ब्रोन्का : येतंय. बऱ्याच दिवसांनी येतंय. आता, पोरी?

ओतिलिया : थांबा... आजी, काहीच नाही!

योंतेक : काहीच नाही म्हणजे काय? नीट बघ म्हणावं!

ओतिलिया : नीटच बघतेय! धुराड्यावर नुसती हवा थरथरतेय. पलीकडचा डोंगर हलल्यासारखा दिसतोय! यंत्र वर नेलंय... मर्यादेचा दहावा हिस्सासुद्धा नाही!

योंतेक : सांग तुझ्या सरपंचाला! योंतेकनं डोंगर हलवला!

ब्रोन्का : हे आता मरेपर्यंत ऐकावं लागणार.

ओतिलिया : आत आले. दार लावू का? किती गरम झालंय! फरशांना हात लावता येत नाही.

योंतेक : तासभर धडधडून जळायचं आणि मग गप्प बसायचं, अशी असते चूल. दिवसभर कुथत राहते ती चूल नव्हे. उद्या सकाळपर्यंत ऊब देईल ही. ब्रोन्के! धुराड्याच्या झडपेला हात लावू नकोस!

ब्रोन्का : निखारे झालेत की. ऊब चाललीये वर.

योंतेक : जाऊ दे. निळी ज्वाळ आहे अजून निखाऱ्यांवर. ती विझेपर्यंत झडप उघडीच राहील, नाहीतर निखाऱ्यांची विषारी हवा घरात साचते. घाईघाईनं झडप लावून ऊब वाचवायला गेलेले तिघंजण मी या खांद्यावरून नेलेत. सकाळी सापडले. गाल लाल, झोपल्यासारखे.

ओतिलिया : खरंच?

ब्रोन्का : ही गोष्ट तो कधी वाढवून सांगत नाही.

ओतिलिया : ...मी लिहिते. "धूर आढळला नाही. चूल कायम ठेवावी." सही केली. पण आजोबा, उद्या काय जाळणार?

योंतेक : दोन फळ्या. परवा आणखी दोन. आता ठेवून तरी काय करायच्या? चारांत माझे पाय बाहेर राहतील.

ओतिलिया : आणि तेरवा? मी परत येईन बरं का, न सांगता. ते ओलं लाकूड दिसलं तर ही सही मीच खोडेन.

योंतेक : थांब, निखारे बघू दे.

ब्रोन्का : बोल. डोंगर हलवलास, आता जीभ हलव.

योंतेक : तुझ्या भाच्याला सांग. वाळलेलं घेऊन ये म्हणावं. पिशव्यांतलं.

ब्रोन्का : जाळीच्या?

योंतेक : जाळीच्या! पण मागच्या दारानं आण म्हणावं. आणि वर गोणपाट टाक. हॉटेलवाल्यानं बघता कामा नये.

ओतिलिया : आणि हे ओलं?

योंतेक : ते पडवीत राहील, उन्हाच्या बाजूला. अजून एक उन्हाळा खाऊ दे त्याला. त्याचा दोष नाही, घाई आम्हीच केली.

ओतिलिया : बरंय. निघते. अकराची गाडी.

ब्रोन्का : थांब, आंबट कोबीचं सार पिऊन जा.

ओतिलिया : कामावर असताना काही घेता येत नाही, आजी.

योंतेक : उन्हाळ्यात ये मग. तुझ्या भावाला घेऊन ये. खोकतो अजून?

ओतिलिया : नाही. आता डोंगर चढतो. बरं, येते.

ब्रोन्का : गुणी पोर आहे. दार ओढून घेतलं बघ, ऊब जाऊ नये म्हणून.

योंतेक : माझ्याच चुलीवर वाढलीये.

ब्रोन्का : योंतेक.

योंतेक : काय?

ब्रोन्का : आणि तुझ्या फळ्या?

योंतेक : सांगू की भाच्याला. एक झाड पाडेल, चिरेल, टाकेल माळ्यावर.

ब्रोन्का : म्हणजे ओल्याच.

योंतेक : ओल्याच. दुसऱ्या कुठून आणू आता?

ब्रोन्का : ओल्या फळीत मी तुला घालणार नाही. आत्ताच सांगून ठेवते. दोन उन्हाळे थांबावं लागेल.

योंतेक : माझ्या फळ्या जाड असतात, ब्रोन्के. तीन लागतील.