फाट्यावरच्या सायकली

नाही हो मावशी, विकायला नाहीत त्या. दुकान वाटलं ना? पुष्कळांना वाटतं. वस्तीवरच्या पोरींच्या आहेत. सकाळी फाट्यापर्यंत सायकलवर येतात, आमच्या अंगणात लावतात, इथून एसटीनं शेवगाव. संध्याकाळी साडेपाचच्या गाडीनं उतरल्या की आपापली काढायची आणि घर. बसा ना, त्या बाजेवर बसा. सासूबाई गुरांना घास कापायला गेल्यात, मीच आहे. सून. दहा महिने झाले लग्नाला. इथलं नाव स्नेहल, माहेरचं मोनिका — लग्नात बदललं. अजून स्नेहल म्हटलं की मान वळत नाही माझी, तर सासूबाई गावभर सांगतात, सून चांगली हाय, पन कानानं जरा कमी.

निकिता? सहादूअण्णांची ना, बारावीला असते ती. अच्छा — म्हणजे चौकशीला आलात. मग चहा ठेवते... नको? बरं. आणि लग्न फेब्रुवारीत उरकायचंय? परीक्षा असते तिची तेव्हा. हो, खरंय तुमचं, पेपर काय नंतरही देता येतात. मलाही तसंच म्हणाले होते.

कशी आहे? खरं सांगू का — हात सोडून सायकल चालवते. त्या उतारावर, मागं कॅरिअरला धाकटी बहीण बसलेली आणि ही दोन्ही हातांनी वेणी घालतेय. भांडी घासताना रोज बघते मी. हसली की आख्खी एसटी वळून बघते. चेन पडली की स्वतःच बसवणार आणि काळे हात ओढणीला पुसणार. परवा तर गाडी निघालेली, ही रस्त्यात आडवी — ड्रायव्हरला म्हणते, जयमालाच्या सायकलीचं कुलूप लागूस्तवर गाडी हलायची न्हाई. हलली नाही. उद्धटच म्हणायची. स्वयंपाकाचं मला माहीत नाही.

मी का सांगते एवढं? माझ्या वेळी अशीच एक बाई बनाबाईंच्या ओट्यावर पाणी पिऊन गेली होती. बेलापूरला, माहेरी, आमच्या शेजारी राहतात त्या. त्यांनी इतकं चांगलं सांगितलं माझं — मान वर करत नाही, घरातून शाळा, शाळेतून घर — की पंधरा दिवसांत सुपारी फुटली. प्रेमानंच सांगितलं हो, त्यांचं काही चुकलं नाही. अठरा पूर्ण होऊन मला अकरा दिवस झाले होते, पत्रिका छापून तयार. दोन पेपर दिले मी. तिसऱ्याच्या दिवशी हळद होती. हॉलतिकीट आहे अजून कपाटात, साड्यांच्या खाली — ते जाऊ दे.

हसताय का? काय म्हणालात — डेअरीला? तीन किलोमीटर? असं. म्हणजे अशीच हवीय तुम्हाला, न घाबरणारी, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून दूध घालून येणारी. मग मघापासून मी तिचं चांगलंच सांगत बसले म्हणायचं.

तिची सायकल कोणती? ती कोपऱ्यातली नाही, धूळ बसलेली. ती माझी. टेम्पोत आली माझ्याबरोबर — कपाट, दिवाण आणि ती. निकिता म्हणते, वहिनी, चला शेवगावला, फॉर्म भरू, राहिलेले पेपर देऊन टाका. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बघू. पण ही पोरगी रोज माझं टायर दाबून बघते. काल पंप घेऊन आली, दोन्ही चाकांत हवा भरून गेली. ती वळणापलीकडं गेली आणि मी वॉल्व्ह काढून सोडून दिली. फुस्स झालं, बास. कोणी काही म्हणालं नव्हतं मला. मीच सोडली. का ते विचारू नका — तुम्ही विचारतही नाही म्हणा.

मुलगा? नाही हो. नाही, कुणाच्या गाडीवर मागंबिगं बसत नाही ती. हे विचाराल ते माहीत होतं. हो म्हटलं असतं तर आत्ता उठला असतात तुम्ही, आलंच होतं ओठांवर. पण दिवेलागणीच्या आत ते सहादूअण्णांच्या कानावर जाणार, आणि उद्यापासून तिची सायकल माझ्या सायकलीशेजारी. मग दुसरं कुणीतरी या बाजेवर. चांगलं सांगितलं तरी लग्न, वाईट सांगितलं तर लवकर लग्न. काय सांगायचं माणसानं?

हॉर्न ऐकलात ना? आलीच गाडी. उठा मावशी. उठा म्हणते ना — त्यांना सायकली काढायच्यात, तुम्ही वाटेत बसलाय. इकडून नका, गोठ्याकडून वाट आहे. ती दिसली की तुम्ही बघणार, आणि बघितली की तुम्हाला आवडणार. चला. आणि घरी विचारलं तर सांगा, फाट्यावर सून होती एक, पण निकिताचं काही विचारलं तर तिला ऐकूच येईना. कानानं कमी आहे म्हणावं.