केकवरचा वरवंटा

लिहायचं तर लिहा ताई, पण गोड करून लिहू नका, गोडाचा धंदा केला म्हणून माणूस गोड होत नाय. जन्म माझा कणकवलीच्या बाजूचा, चौथीत शाळा सुटली, मुंबईत आलो तो कांदिवलीच्या एका बेकरीत भट्टीसमोर उभा राहिलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच खारी-टोस्ट काढत राहिलो. केकचं डोकं माझं नव्हे, ते आमच्या सुलोचनाचं, माझ्या बायकोचं. चारकोपच्या ह्याच घरात ती केक करायची, आणि तिचा केक गाजला तो चवीने नव्हे, दमाने.

आता लोकांना केकवर पुतळे लागतात. साखरेच्या कणकेचा गणपती, खुर्चीत बसलेला आजोबा, रांगणारं बाळ, काय वाट्टेल ते. पुतळे करणारी बाई वेगळी, आमचा फक्त खालचा केक. पुतळा चांगला जड असतो, मऊ केक त्याच्याखाली दबतो, म्हणून सगळे केकमध्ये काड्या खुपसतात आणि एक काडी पुतळ्याच्या बुडातून वर घालतात. सुलोचनाला ते खपायचं नाय. बारशाच्या केकवर बाळ बसवायचं आणि त्याच्या अंगात काडी घालायची होय, म्हणायची, माझे हात झडले नाहीत अजून. मग ती केकच असा घट्ट करायची, रवा, मावा, आदल्या दिवशी भाजून ओल्या फडक्यात ठेवलेला.

आणि परीक्षा घ्यायची. काय सांगू तुम्हाला, आमच्या प्रशांतच्या बारशाला जो वरवंटा टोपडं घालून पाळण्यात निजवला होता, बाळाच्या आधी वरवंटा निजवतात ना आपल्यात, तोच वरवंटा. धुवायची, तूप चोळायची, थंड झालेल्या केकवर आडवा ठेवायची आणि म्हणायची, बस हा बाळा. खळगा पडला तर तो केक घरात खायचा, गिऱ्हाइकाला द्यायचा नाय.

शिमग्याला गावी जायचं ठरलेलं, त्याच्या आधीच गेली. छातीत कळ येते म्हणाली, जरा चहा ठेवा म्हणाली, चहा होईस्तोवर संपलं.

मग आमचे चिरंजीव. बिल्डिंग पाडायची आहे, भाड्याच्या घरात जायचंय, तर ह्याने सामान कमी करायला काढलं, आणि आधी काय उचललं, तर आईचा पाटा. खाली पिंपळाजवळ नेऊन टाकला, भंगारवाला पण घेईना. वरवंटा मी खाटेखाली ओढला, म्हटलं ह्याला हात लावलास तर तुझा आणि माझा संबंध संपला. तर म्हणतो, अण्णा, मिक्सर आहे ना यार. बापाला यार म्हणतो मेला. आणि सून, मनाली, ती सासूचा ॲप्रन बांधून ओट्याशी उभी. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिने काय केलं होतं म्हणून विचारू नका, ॲप्रन बांधला होता, तेवढं मला पुरलं.

तिने बारशाच्या केकची ऑर्डर घेतली, वर रांगणारं बाळ. मऊ स्पंज केला, काड्या घातल्या, बाळात पण घातली. बाळ कलंडलं आणि कंबरेत चिरलं. बारशाच्या बाळाला चीर, घरात बघवेना कुणाला. पुतळेवाली म्हणाली दुसरं करून देते, पण खाली नीट केक द्या. तेव्हा मनाली माझ्यासमोर येऊन उभी, अण्णा, आई कसा करायच्या तेवढं सांगा. मी म्हटलं, सासू जिवंत होती तेव्हा मोबाईलवर रेसिप्या बघत होतीस, आता मोबाईललाच विचार. ती म्हणाली, आईंना विचारलं होतं मी, त्या म्हणाल्या अण्णांनी फेटलं तरच तो तसा होतो. आता फेटायचो मीच, भट्टीवर कमावलेला दंड होता ना, पण सुलोचनाने असं कुणाला सांगितलं असेल हे मला ठाऊक नव्हतं. मला कधी नाय बोलली.

उठलो. एकट्यानेच केला, सुनेला लांब हो म्हटलं. केक कसला, दगड झाला, सुरी वाकली. मनाली म्हणाली, अण्णा, हा प्रशांतसाठी ठेवूया, डोक्यात घालायला. मी हसलो नाय, तोंड फिरवलं. दुसऱ्यांदा माप तिने घेतलं, फेटलं मी. केक थंड झाल्यावर खाटेखालून वरवंटा काढला आणि तिच्यापुढे धरला. म्हटलं, घे, आणि पाडलास तर याद राख. तिने धुतला, तूप चोळलं, आणि ठेवताना एका टोकाखाली तळवा धरला, लहान पोराचं डोकं धरतात तसा, मग हळूच काढून घेतला. शेवटी मलाच म्हणावं लागलं, बस हा बाळा.

खळगा पडला नाय.

केक गेला, बाळ काडीशिवाय बसलं. वरवंटा आता ओट्यावर असतो, नव्या घरी बरोबर येणार असं मनालीनेच प्रशांतला बजावलंय, तो परत यार म्हणाला, तिने पण त्याला यार म्हटलं. सुनेला आशीर्वाद द्या म्हणता तर दिलाय ताई, मनात दिलाय. तोंडावर देणार नाय, डोक्यावर बसेल. वरवंट्याला त्या दिवशी तुपात केकचा चुरा चिकटला होता, धुवायला निघाली तर म्हटलं, राहू दे आजचा दिवस.